बाजूला ठेवलेलं

हिरामणने पेनड्राइव्ह उन्हात ठेवला.

अंगणात सुपात वाल वाळत घातले होते. त्याने दाणे जरा सारून मधे जागा केली आणि तो बोटाएवढा काळा तुकडा तिथे आडवा टाकला. मग मान तिरकी करून सूर्याकडे पाहिलं, आणि सूप हातभर पुढे ओढलं, म्हणजे माडाची सावली पडायची नाही. कीड लागलेल्या जिनसेला ऊन दाखवायचं, एवढं त्याला कळत्या वयापासून ठाऊक होतं. डाळ झाली, तांदूळ झाले, गोधड्या झाल्या. हे तसलं प्रकरण नाही, हेही त्याला कळत होतं. म्हणून तर सूप ओढण्याआधी त्याने गल्लीत कोणी नाही ना, ते पाहून घेतलं होतं. पण हातावर हात ठेवून बसवत नव्हतं.

ओट्यावर गोदूबाई शेंगा सोलत बसली होती. तिने शेंग तशीच चिमटीत धरली आणि भुवया वर केल्या.

"जरा ऊन दावतो त्याला," हिरामण म्हणाला.

गोदूबाईने हातातली शेंग फोडली. आणखी दोन शेंगा सोलून झाल्यावर तिच्या घशातून घोगरा, वाळल्या पानासारखा आवाज आला.

"मीठ पन चोला."

हिरामणला हसू आलं. जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला बायकोने असं बोलावं, आणि तेही एवढ्या दिवसांनी, म्हणजे चांगलंच होतं. पण हसू फार टिकलं नाही.

सकाळी दिनानाथ येऊन गेला होता. थळला त्याचं साउंडचं दुकान. लग्नं, हळदी, पूजा, सगळीकडे त्याचेच कर्णे. मोटरसायकलवरून न उतरताच त्याने पेनड्राइव्ह पुढे केला.

"काका, काय दिलात मना? लावला आनि माझा कम्प्युटर बसला. सगल्या गान्यांचे शॉर्टकट झाले. एक उघडत न्हाय."

"मी तं नुसते धवले टाकलेले."

"धवल्यांबरोबर व्हायरस पन टाकलाव. तुमचे लॅपटॉपला अँटिव्हायरस हाय का न्हाय?"

"न्हाय."

"मंग?" दिनानाथने गाडीला किक मारली. "भाविकाचे हलदीला आता मी काय लावू? तुमीच बगा."

तो गेला, आणि हिरामणला धास्ती लागली. ती दिनानाथच्या कम्प्युटरची नव्हती. वाईट त्याचंही वाटलं होतं. पण धास्ती होती ती घरातल्या लॅपटॉपची. पेनड्राइव्हवर दोन-चार धवले होते, पण गोदूबाईचा सगळा आवाज आता तेवढ्याच एका जागी उरला होता.

गोदूबाई धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, म्हणणारी. आगरी घरात लग्न निघालं की भटाच्या आधी धवलारणीला नारळ जातो. मांडवाचा खांब रोवायचा, हळद दळायची, नवरीला न्हाऊ घालायचं, जे जे म्हणून करायचं ते धवल्याशिवाय होत नाही. ती म्हणते आणि बाकीच्या बाया ते उचलतात. या पट्ट्यात अशी सून नसेल जिला गोदूबाईच्या आवाजात हळद लागली नाही. गेल्या वर्षी गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, जीव वाचला, सगळ्यांनी देवाला हात जोडले. पण आवाज गाठीबरोबरच गेला. थोडाफार परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आला तो एवढाच. चुलीपासून ओट्यापर्यंत पोहोचेल इतका.

तेव्हापासून हिरामण फाटकाशी बसू लागला. बाया यायच्या, चौकशी करायच्या, आणि मग हळूच म्हणायच्या, गोदूबाय, आमचे पोरीची हलद हाय, जमंल का? असं पहिल्यांदा झालं तेव्हा गोदूबाईने नुसती मान हलवली होती, आणि रात्री ती जेवली नव्हती. हिरामणने ते लक्षात ठेवलं. मग तो बायांना फाटकाशीच गाठू लागला. तिला बरं न्हाय. ती झोपलेय. डॉक्टरनं बोलू नको सांगितलाय. फाटकाला त्याने तारेचा एक फास केला होता, तो आतूनच निघायचा.

पंधरवड्यापूर्वी शेजारची कृष्णाबाई आली होती. हातात नारळ आणि विडा. तिच्या भाविकाचं लग्न ठरलं होतं.

"ती आता म्हनत न्हाय, कृष्णाबाय," हिरामण तारेवर हात ठेवून म्हणाला होता. "मी तुमाना रेकॉर्ड देतो. पेनड्राइव्हमधी. अगदी साफ आवाज हाय. दिनानाथ कर्ण्यावर लावंल."

"नारल तरी घ्या. तिचे हातात देते."

"नको. घरी न्या. कालवनात घाला."

कृष्णाबाई नारळ पदराखाली घेऊन गेली होती. धवलारणीच्या दारातून परत आलेला नारळ गल्लीतून उघडा नेत नाहीत.

आणि आता तो साफ आवाजच धोक्यात होता.

दिनानाथ गेल्यावर हिरामणने आधी अल्पेशला फोन लावला. मुलगा बोटीवर. बोट कुठल्याशा बंदरात उभी होती म्हणून फोन लागला. लॅपटॉप त्याचाच जुना. फार रखडायला लागला तेव्हा मागच्या सुट्टीत त्याने आतलं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, आणि मोबाइलवर केलेली आईची सगळी रेकॉर्डिंग त्यात भरून बापाला उघडायला शिकवलं होतं.

"बाबा, लिनक्स हाय ते. त्याला तसली लागन होत न्हाय."

"दिनानाथचा बसला ना पन."

"त्याचा विंडोज हाय. तुमी अँटिव्हायरस वगैरेच्या भानगडीत पडू नका. काय लागत न्हाय."

"व्हय पन टाकला तं बिघडतंय कुठं? तुझे आयचा आवाज हाय तो."

पलीकडे कोणीतरी अल्पेशला हाक मारली. "बाबा, मी मंग करतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

हिरामणचं समाधान झालं नाही. काही लागत नाही, असं तर गोदूच्या गाठीबद्दलही सगळे सुरुवातीला म्हणाले होते. तो लॅपटॉपपुढे बसला. अल्पेशने बँकेच्या कागदांसाठी एक युक्ती दाखवली होती. सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि वर कुलूप घालायचं. कुलपाचा शब्द ज्याला माहीत त्यालाच उघडणार. हिरामणने सगळे धवले निवडले, गाठोडं बांधलं, शब्द टाकला. मग बाहेर सुटी राहिलेली गाणी एकेक करून पुसली. सुटं काही नको. जे आहे ते कुलपात.

एवढं झालं आणि तो पेनड्राइव्ह घेऊन अंगणात आला होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटक वाजलं. हिरामण सवयीने उठला आणि तारेवर हात ठेवून उभा राहिला. बाहेर भाविका होती. अलिबागला एका कचेरीत कम्प्युटरचं सगळं बघायची. लग्न तोंडावर आलं तरी तिची सुट्टी कालच सुरू झाली होती.

"काकी झोपलेय, बाय," हिरामण म्हणाला.

भाविकाने त्याच्या खांद्यावरून ओट्याकडे पाहिलं. गोदूबाई मांडीवर सूप घेऊन सरळ तिच्याकडे बघत होती.

"मी काकीकडे नाही आले," भाविका म्हणाली. "लॅपटॉपकडे आलेय. दिनानाथदादा ओरडून गेला ना सकाळी? तो झोपलाय का?"

"कोन?"

"लॅपटॉप."

ओट्यावरून घोगरं हसू ऐकू आलं. हिरामणने तार काढली.

भाविका आत आली, वालांत पडलेला पेनड्राइव्ह तिला दिसला, आणि तिने तो उचलून फुंकर मारली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं हिरामणला वाटलं.

लॅपटॉप ओट्यावरच मांडला. गोदूबाई आत जाईल म्हणून हिरामण वाट बघत होता. तो संध्याकाळी धवले लावायचा तेव्हा ती नेहमी उठून मागीलदारी जायची. आज ती बसून राहिली. शेंगा संपत आल्या होत्या, पण ती बसून राहिली.

"अल्पेश बोलतो, याला गरज न्हाय," हिरामणने सुरुवात केली. "खरा काय ता तू सांग."

"बरोबर बोलतो तो. बहुतेक व्हायरस विंडोजसाठी बनवलेले असतात. इथं आले तरी त्यांचं काही चालत नाही. आणि इथं तुमचा पासवर्ड टाकल्याशिवाय कोणाला घरातल्या वस्तूला हात लावता येत नाही. तुम्ही भलत्या ठिकाणाहून काही उतरवून घेत नाही ना?"

"मी फकस्त गानी ऐकतो."

"मग तुम्हाला धोका थोडा. अगदीच नाही असं नाही, पण थोडा."

"मंग दिनानाथचा कसा बसला?"

भाविकाने पेनड्राइव्ह बोटांत फिरवला. "हा याच्या आधी कुठं कुठं गेलेला?"

हिरामणने आठवून पाहिलं. हा किहीमला गेला होता, कॉटेजवाल्याच्या घरी, बारशाला. त्याआधी फोटोवाल्याकडे. गोदूचा आवाज गेल्यापासून जो मागेल त्याला तो पेनड्राइव्ह भरून द्यायचा. पेनड्राइव्ह परत यायचा, पुन्हा भरून जायचा.

"त्यातल्याच कुणाच्या तरी कम्प्युटरवरून चढला असणार," ती म्हणाली. "तुमच्याकडे आला, इथं त्याचं काही चाललं नाही, म्हणून गप्प पडून राहिला. दिनानाथदादाकडे गेल्यावर उठला. आपल्याला होत नाही, काका. पण आपल्या हातून दुसऱ्याकडे जातं. म्हणून टाकायचा. आपल्यासाठी नाही."

आपल्या हातून, हे हिरामणला आवडलं नाही.

"टाक," तो म्हणाला.

तिने मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं, एक काळी खिडकी उघडली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"तुम्हीच लिहा. मी परवा सासरी जाणार, मग कुणाला विचाराल?"

तिने एकेक अक्षर सांगितलं आणि हिरामणने एका बोटाने ते शोधून दाबलं. एस, यू, डी, ओ. मग मोकळी जागा. एपीटी. मोकळी जागा. इन्स्टॉल. मग त्या अँटिव्हायरसचं नाव, क्लॅम-एव्ही, सगळं सलग. हिरामण अक्षर दाबलं की वर बघून ते उमटलंय का ते तपासायचा, आणि मगच पुढचं विचारायचा. इन्स्टॉलमधले दोन एल त्याला पटले नाहीत.

"एकानं भागत न्हाय?"

"नाही भागत."

"क्लॅम म्हंजे काय पन?"

"शिंपला. आपल्या तिसऱ्या असतात ना, तसलं."

"तिसऱ्या!" हिरामणने गोदूबाईकडे पाहिलं. "ऐकलास? तिसऱ्या राखनीला बसवतेय पोरगी."

"उकडा मंग," गोदूबाई म्हणाली.

पासवर्ड मागितला तेव्हा तो टाकताना पडद्यावर काहीच उमटेना. हिरामण घाबरला. भाविका म्हणाली, तो दाखवत नाही, पण घेतो. त्याने पुन्हा सगळा शब्द मनात म्हणत टाकला. खिडकीतून ओळींमागून ओळी धावायला लागल्या, आणि तो हात मांडीवर घेऊन बसला.

"आता तो जगातल्या सगळ्या माहीत असलेल्या व्हायरसची ओळख उतरवून घेतोय," भाविकाने सांगितलं. "चौकीत चोरांचे फोटो लावतात ना, तसे. हे फोटो रोज नवे येतात. मी तसं लावून ठेवते, आपोआप घेईल."

"आनि ज्याचा फोटो न्हाय त्यो?"

"त्याच्याकडे संशयाने बघतो."

गोदूबाई उठली. हिरामणला वाटलं, चालली. पण ती आतून चहा घेऊन आली, तिन्ही कप, आणि पुन्हा आपल्या जागेवर बसली. भाविकाच्या कपात तिने आल्याचा तुकडा वेगळा टाकला होता. लहानपणी ही पोर सर्दीने कायम वाहायची, तेव्हापासूनचं ते.

आधी पेनड्राइव्ह तपासला. त्यात चोर सापडला. लाल अक्षरं आली, भाविकाने बोट ठेवून दाखवलं, आणि पुसून टाकलं. लपवलेली गाणी मागून बाहेर आली, धडधाकट. हिरामणने मोठा श्वास सोडला.

"आता लॅपटॉप. हा कडक तपास लावते. ज्याचा संशय येईल ते बाजूला ठेवायला सांगते, म्हणजे डोळ्यांसमोर राहील." तिने स्वतःच पटापट काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं.

नावं सरकायला लागली. तपास लांबला. चहा संपला. पलीकडच्या आवारात कृष्णाबाई मांडवासाठी आणलेली पातेली घासत होती, त्याचा आवाज येत होता. खताच्या कारखान्याचा भोंगा झाला. हिरामण सरकत्या नावांमधून ओळखीचं काही दिसतंय का ते पाहत होता, पण ती त्याच्या वाचण्याच्या गतीने सरकत नव्हती.

मग खिडकी थांबली. खाली एकच ओळ वेगळी होती.

"एक धरलंय," भाविका म्हणाली.

"काय?"

"तुमच्या 'धवले' नावाच्या घरातलं. फोल्डरमधलं."

हिरामणने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. धवल्यांचं घर उघडलं. ते रिकामं होतं. त्याने बंद केलं, पुन्हा उघडलं. रिकामं.

"गेला," तो म्हणाला. "बाय, सगला गेला. अल्पेश सांगत व्हता नको, मीच... सगला आवाज..."

"काका."

"सुटे पन मीच पुसले सकाली. एक पन न्हाय ठेवला."

"काका, गेलं नाही. बघा इकडे." भाविकाने त्याच्या हाताखालून माउस घेतला आणि दुसरं घर उघडलं. तिथे गाठोडं होतं, त्याने बांधलेलं, त्याने नाव दिलेलं. "बाजूला ठेवलंय फक्त."

"पन का? कीड लागली का त्याला?"

"नाही. काही झालेलं नाही त्याला."

"मंग का धरला?"

"तुम्ही कुलूप घातलंत ना? आत काय आहे ते त्याला दिसत नाही. कडक तपास लावला की दिसत नाही ते सगळं तो वाईट धरतो आणि बाजूला नेऊन ठेवतो." ती जराशी हसली. "त्याची काही चूक नाही. राखणीला बसवलंय, तो राखतोय. चांगल्यालाही धरतो कधी कधी."

हिरामणने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कुलूप काढा, म्हणजे त्याला आत बघता येईल," भाविका म्हणाली. "शब्द काय टाकलाय?"

"मी टाकतो. तू तिकडं बग."

"मी कशाला बघू तिकडं?"

"बग म्हंतो ना."

भाविकाने माडाकडे तोंड केलं. हिरामणने लॅपटॉप अंगाशी घेतला आणि एका बोटाने अक्षरं शोधली. गोदूबाई त्याच्या बोटाकडे बघत होती. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. पण अल्पेशने एकदा तिला तिचं नाव त्या बटणांवर दाबून दाखवलं होतं, आणि बोट कुठून कुठे जातं ते तिच्या लक्षात होतं. ती खाली मान घालून सुपातली टरफलं वेगळी करायला लागली. टरफलं आधीच वेगळी केलेली होती.

गाठोडं सुटलं. गाणी एकाखाली एक रांगेत आली. भाविकाने तपास पुन्हा लावला. या वेळी त्याने काहीच धरलं नाही.

"ऐकून बघा," ती म्हणाली. "खात्री होईल."

हिरामणने गोदूबाईकडे पाहिलं, आणि मग वरचंच एक लावलं. हळदीचा धवला. आधी भांड्यांचा आवाज, बायांची कुजबुज, कुणाचं तरी लहान मूल, आणि मग तो आवाज आला. मोठा, सरळ, मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा.

*हलद चरली कल्पिता नवरीचे अंगा,*
*तिचे बापाचे दारान चांद उतरला…*

गोदूबाई उठली नाही. तिने डोळे मिटले होते. ओळ संपली, बायांनी ती उचलली, आणि तिने हात पुढे करून थांबवायची खूण केली.

हिरामणने घाईघाईने बंद केलं. "ऱ्हाव दे, ऱ्हाव दे. मी नंतर ऐकंन."

"हा कल्पिताचा हाय," गोदूबाई म्हणाली.

"व्हय. तिचे हलदीतला. सगल्यात साफ हाय."

"आनि हाच तुमी दिलाव दिनानाथला? भाविकाचे हलदीला?"

हिरामणने होकाराची मान हलवली.

"धवल्यात नवरीचा नाव येतंय," ती म्हणाली. एवढं सलग बोलायला तिला मधे थांबून श्वास घ्यावा लागला. "नवरीचा, बापाचा, आयचा. या पोरीला हलद लागनार, आनि कर्ना कल्पिताचा नाव घेनार? सगले गावात?"

हिरामणने इतकी वर्षं तो आवाज ऐकला होता. लग्नात मागे उभं राहून, आणि गेलं वर्षभर ओट्यावर. कधी मिठागराच्या बांधावर, कधी मिठाच्या गाड्यावर गुणगुणला होता. पण नावं प्रत्येक वेळी बदलतात, हे त्याच्या कानांत कधी शिरलंच नव्हतं. त्याला ऐकू आला होता तो फक्त आवाज.

"तुला ठावूक व्हता?" त्याने भाविकाला विचारलं.

भाविका पेनड्राइव्हचं टोपण लावत होती, काढत होती. "आईला माहीत होतं," ती म्हणाली. "ती म्हणाली, काकांनी एवढ्या प्रेमाने दिलंय, असू दे."

पातेल्यांचा आवाज थांबला होता. गोदूबाई बोलली, हिरामणकडे न बघता.

"नारल आनलेला कृष्णाबायनं. तुमी परत धाडलाव."

"तुला कोनी सांगितला?"

"मी चुलीपाशी व्हते. आवाज गेलाय माजा, कान न्हाय गेले."

"तुला तरास नको म्हनून, गोदू. त्या दिवशी तू जेवली न्हायस…"

"मना वाटला," ती म्हणाली, आणि थांबली. सूप खाली ठेवलं. "मना वाटला, तुमाना लाज वाटते. या आवाजाची. म्हनून फाटक लावता, आनि तो जुना लावून बसता."

हिरामणने गुडघ्यावरची टोपी उचलली, ती उलटी करून आत पाहिलं, आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

गोदूबाईने भाविकाचा हात ओढून मांडीवर घेतला, आणि उघड्या तळव्यावर चार बोटांनी हळूच ठेका धरला. मग तिच्या कानाशी वाकली. जे आलं त्याला आवाज म्हणता आला नसता. वाळूवरून पाणी मागे जातं तेव्हा येतो, तेवढा.

*हलद चरली भाविका नवरीचे अंगा…*

भाविकाने मान खाली घातली. तिचा दुसरा हात कळफलकावर होता, आणि पडद्यावर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत चाललं होतं. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"धवला कधी एकलीनं होतंय का?" गोदूबाई म्हणाली. "एक सांगते, दुसरी उचलते. मी कानात सांगंन. तुजी आय मोठ्यानं म्हनंल. पोर व्हती तेवापासून माझे मागं उभी ऱ्हायलेय ती, गला चांगला हाय तिचा. लाजते फकस्त."

हिरामण उठला. टोपी घातली. ओट्याच्या पायऱ्या उतरला, सुपातल्या वालांना वळसा घालून फाटकाशी गेला. तारेचा फास खुंटीला लटकत होता. त्याने तो काढला, दुमडला आणि खिशात घातला. फाटक वाऱ्याने आपोआप थोडं उघडलं, तसंच राहू दिलं.

कुंपणाच्या वईपलीकडे कृष्णाबाई घासलेली पातेली उन्हात पालथी घालत होती. त्याला बघून तिने पदर सारखा केला. ती काही विचारायच्या आधी, तिचं तोंड बघून धीर जायच्या आधी, हिरामण बोलला.

"कृष्णाबाय. त्यो नारल… कालवनात घातलाव का?"

कृष्णाबाईची नजर त्याच्या मागे गेली, उघड्या फाटकातून ओट्यापर्यंत, जिथे तिची मुलगी गोदूबाईच्या मांडीशी वाकून बसली होती.

"न्हाय फोडला," ती हात पदराला पुसत म्हणाली. "बाजूला ठेवलाय."